मागे घेतलेली वाट

नरनाळा ते गाविलगड अशी डोंगरमाथ्यावरून जाणारी पायवाट सर्वांसाठी खुली व्हावी, तिच्यावर खुणा लागाव्यात, तिचा नकाशा छापून कोणाच्याही हातात पडावा, ही मागणी मी अनेक वर्षं केली. अमरावतीत बैठका घेतल्या, अकोल्यात बोललो, निवेदनं लिहिली. आज मी त्या मागणीच्या विरोधात आहे. माझ्याबरोबर चाललेल्या, माझ्या आग्रहाखातर पहिल्यांदा पाठीवर पिशवी घेतलेल्या कितीतरी जणांना हे लागलं. काहींनी तोंडावर विचारलं, काहींनी बोलणं कमी केलं. त्यांना याचं नीट उत्तर मिळायला हवं.

आधी ती मागणी कुठून आली ते सांगतो, कारण तिच्यामागचं प्रेम अजून तसंच आहे.

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाचा डोंगर उत्तरेला असतो. अकोट, अंजनगाव, अचलपूर, कुठूनही उत्तरेकडे तोंड करा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन संपते आणि गाविलगडचे डोंगर एकदम उभे राहतात. मैदान तीन-चारशे मीटरवर, आणि वैराटचा माथा ११७८ मीटरवर. चिखलदऱ्याला गेलेले लोक वैराटवरून सूर्यास्त बघून परततात, पण हा माथा पायी गाठावा असं फार थोड्यांच्या मनात येतं. आमच्या तरुणपणी गिर्यारोहण म्हणजे सह्याद्री. पुस्तकं सह्याद्रीवर, नकाशे सह्याद्रीचे, गप्पा राजगड-तोरण्याच्या. अमरावतीची पोरं रात्रभर गाडीत बसून हरिश्चंद्रगड गाठायची आणि घरापासून दोन-अडीच तासांवरचा गाविलगड त्यांनी पाहिलेला नसायचा. मला याचा राग यायचा. मेळघाटात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींची पुस्तकं आमच्या घरात होती. ती वाचून आपल्या दारातला डोंगर किती मोठा आहे हे कळलं होतं, आणि तिथे पायी जाण्याची सोय नाही हेही.

शिवाय या डोंगराला इतिहास आहे. अहमदशहा बहमनीनं १४२५ मध्ये गाविलगड बांधला. अकोट तालुक्यातला नरनाळा म्हणजे एकाला एक जोडलेले तीन किल्ले: मधे नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, इमादशाही घराण्याच्या मूळपुरुषाच्या काळातला. दगडात इतकं नाजूक काम वऱ्हाडात दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. पुढे १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य मागे हटलं. मग ऑर्थर वेलस्ली दक्षिणेकडून गाविलगडाखाली आला आणि कर्नल स्टीव्हन्सननं धामणगावकडून डोंगर चढून किल्ल्याची उत्तर बाजू गाठली. जड तोफा माणसांनी ओढत नेल्या, दऱ्याखोऱ्यांतून रस्ता पाडत नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. बैठकीत मी हा प्रसंग रंगवून सांगायचो आणि विचारायचो: ज्या डोंगरातून सव्वादोनशे वर्षांपूर्वी तोफा गेल्या, तिथून पाण्याची बाटली घेतलेला साधा माणूस का जाऊ शकत नाही? टाळ्या पडायच्या.

नकाशाही तयार होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५५ जी मालिकेतली पत्रकं जमिनीवर एकाला एक लावून मी पेन्सिलीनं रेघ ओढली होती: नरनाळा, धारगड, तिथून माथ्यामाथ्यानं वैराट, मग गाविलगड. दोन किल्ल्यांतलं सरळ रेषेतलं अंतर चाळीस किलोमीटरांच्या आतलं. पायी अर्थात बरंच जास्त, कारण मधल्या प्रत्येक नदीत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. जुन्या पत्रकांवर कोरकू गावांची नावं आणि त्यांना जोडणाऱ्या तुटक रेघा होत्या. म्हणजे वाट नवी करायचीच नव्हती, असलेल्या तुकड्यांना जोडायचं होतं. मुक्कामाच्या जागाही ठरवून टाकल्या होत्या.

या सगळ्याला पहिला तडा गेला तो फार दूर. मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो मला व्हाइट माउंटन्समध्ये घेऊन गेला. उंचावरचं वाळवंटच ते. तीन हजार मीटरवर वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस, पांढुरका डोलोमाइट खडक, माती नावापुरती. अशा जागी ब्रिसलकोन पाइन उभे असतात. ते जिवंत आहेत की मेलेले हे चटकन कळत नाही. खोडाचा बहुतेक भाग वाळून, वाऱ्यानं घासून हाडासारखा झालेला, आणि एका कडेनं सालीची एक पट्टी वर जाते. तेवढ्या पट्टीवर चार फांद्या हिरव्या. यांतली सर्वांत म्हातारी झाडं सर्वांत वाईट जमिनीत असतात. हळू वाढतात, लाकूड घट्ट होतं, राळेमुळे कीड लागत नाही, आसपास गवत-झुडूप नसल्यानं आग पोचत नाही. एडमंड शुलमन नावाच्या शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये यांतल्याच एका झाडाच्या वर्तुळांवरून त्याचं वय साडेचार हजार वर्षांच्या वर काढलं. त्याला मेथुसेला म्हणतात. त्या बनातून एक पायवाट गोल फिरून येते. तिलाही मेथुसेलाचं नाव आहे, पण झाड कोणतं ते कुठेच लिहिलेलं नाही. वनखात्यानं ते मुद्दाम सांगितलेलं नाही.

मी तिथल्या कर्मचारी बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सगळी झाडं बघा. मला ते आवडलं नाही. परतताना गाडीत मुलाशी वाद घातला. इतक्या लांबून माणूस येतो, चालतो, दमतो, आणि त्याला झाड दाखवत नाहीत? हा चालणाऱ्यावरचा अविश्वास आहे, असं माझं म्हणणं. त्यानं १९६४ ची गोष्ट सांगितली. शेजारच्या नेवाडा राज्यात व्हीलर शिखराखाली असंच एक झाड होतं. डोनाल्ड करी नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्यानं वनखात्याच्या रीतसर परवानगीनं ते कापलं, आणि मग मोजलं तर ४८६२ वर्तुळं. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, कामच करत होता. मी म्हणालो, करवत वेगळी आणि पाय वेगळे. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही त्याच्या शेजारून चालत गेलात. अजून काय हवं होतं?" मी उत्तर दिलं नाही. पटलंही नव्हतं. पण परत आल्यावर ते वाक्य अधूनमधून डोकं वर काढायचं.

दुसरी एक गोष्ट मात्र तिथेच ध्यानात आली होती. व्हाइट माउंटनचं शिखर ४३४४ मीटरवर आहे आणि त्या वाटेवर पाणी नाही. जाणारा माणूस सगळं पाणी पाठीवर घेऊन जातो. त्याचा आणि तिथल्या जनावरांचा पाण्यावरून संबंधच येत नाही. आपला डोंगर तसा नाही.

मेळघाट पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला तो कोरडा आहे म्हटलं तर हसू येईल. धुकं, धबधबे, चिखलदऱ्याला तर दिवसभर समोरचं दिसत नाही. पण हा काळ्या बेसॉल्टचा डोंगर आहे. पाणी उतारानं धावतं, खडकात फार मुरत नाही. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या नद्या ते तापीला नेतात. दक्षिणेकडचं पाणी शहानूर, चंद्रभागा अशा नद्यांतून पूर्णेला मिळतं. फेब्रुवारी सरता सरता नद्यांचं पात्र म्हणजे गोट्यांचा रस्ता होतो. साग, धावडा, सालई, सगळे उघडे पडतात, पाचोळा घोट्याच्या वर येतो. मे महिन्यात खाली अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा वरच्या जंगलात पाणी उरतं ते काही डोहांत, काही झिऱ्यांत, आणि वनखात्यानं केलेल्या पाणवठ्यांवर. सगळं जंगल तेवढ्या पाण्यावर येतं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजण्याचा कार्यक्रम मेळघाटात होतो. नाव नोंदवून कोणालाही बसता येतं. मीही बसलो. सोबत एक कोरकू वनमजूर होते, वयानं माझ्याएवढे, सगळं आयुष्य त्याच रानात गेलेलं. दुपारी आम्ही वर चढलो. ऊन कलल्यावर दोन कामगार आले. पाणवठ्याला पाणी आणणारी नळी कुठेतरी निखळली होती. त्यांनी अर्धा तास मुकाट्यानं काम केलं. मोठ्यानं बोलले नाहीत, बिडी ओढली नाही, कागदाचा कपटा टाकला नाही. नळी बसवून निघून गेले. आपल्या गटातली शहाणी माणसं जशी वागतात अगदी तशी ती दोघं वागली, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

चंद्र वर आल्यावर एक सांबरीण पाडसाला घेऊन झाडीच्या कडेला आली. पाणी तिच्यापासून वीसेक पावलांवर होतं. ती उभी राहिली, कान फिरवले, पाय आपटला, आणि मागे गेली. काही वेळानं पुन्हा आली, पुन्हा परतली. एकदा तर पाडस पुढे झालं आणि तिनं त्याला वळवून नेलं. दुसरं कोणीच आलं नाही. मी वनमजुरांना हळूच विचारलं, आज जनावरं लांब गेली का? ते म्हणाले, "लांब नाही सर. इथंच हायेत, झाडीत उभी. माणूस पाण्यापाशी येऊन गेला ना, त्याचा वास जाईलोक थे उतरत नाहीत." पहाटेच्या आधी वारा फिरला तेव्हा सांबरीण उतरली. पाडस किती वेळ पाणी पीत होतं!

एका रात्रीवरून नियम काढू नये हे मला कळतं. म्हणून पुढे सेमाडोह, कोलकास, शहानूर अशा ठिकाणी जे भेटले त्या वनमजुरांना, वाटाड्यांना विचारत गेलो. सगळ्यांचं सांगणं एकच निघालं. गाडीच्या आवाजाला जनावर सरावतं. गाडी रस्ता सोडत नाही, थांबते आणि जाते. पायी माणूस कुठूनही येतो, म्हणून त्याची भीती सर्वांत जास्त. आणि उन्हाळ्यात पाण्यापाशी आलेला माणूस म्हणजे त्या रात्रीपुरतं पाणी बंद.

घरी येऊन ती पत्रकं पुन्हा जमिनीवर लावली. यावेळी मी वाट पाहिली नाही, मुक्काम पाहिले. एकूण एक मुक्काम डोहाजवळ होता. दुपारच्या विसाव्याच्या जागाही तशाच. साहजिक होतं, माणसाला पाणी लागतंच आणि वाट आखणारा पाणी बघूनच आखतो. सह्याद्रीत गडावर टाकी खोदलेली असतात, खाली गावं असतात, विहिरी असतात. माझी सगळी शिकवण तिथली. इथे मात्र मी माथ्यांची रेघ ओढतो आहे असं समजून पाण्याची रेघ ओढली होती, आणि ती रेघ त्या सांबरिणीच्या पाण्यावरून जात होती.

हे एकच कारण असतं तर मी कदाचित मधला मार्ग काढला असता. तसा प्रयत्न केलाही. हिवाळ्यात वाट खुली ठेवू, फेब्रुवारीत बंद करू, असं एक टिपण लिहिलं. आमच्या गटातल्यांना ते पटलं. मला आतून पटेना, कारण दोन गोष्टी समोर येत होत्या.

पहिली अकोला-खंडवा रेल्वेची. ही जुनी मीटरगेज लाइन अकोटहून पुढे मेळघाटातून जायची, धुळघाटाजवळ स्वतःभोवती वळसा घेऊन उतरायची. ती ब्रॉडगेज करायची ठरली तेव्हा जंगलातून रुंद रस्ता आणि वेगवान गाड्या नकोत, लाइन बाहेरून न्या, असा आग्रह वन्यजीवप्रेमींनी धरला. राज्य सरकारनंही तीच भूमिका घेतली. आम्ही डोंगरात फिरणाऱ्यांनीही त्या बाजूनं सह्या केल्या होत्या. बाहेरून म्हणजे लांबून, जास्त वेळ, जास्त खर्च. ज्याला खंडव्याला मजुरीला जायचं, ज्याला माल न्यायचा, त्याला आम्ही सांगत होतो की वाघासाठी थोडा वळसा घे. आणि आम्हाला स्वतःला, सुट्टीच्या दोन-तीन दिवसांसाठी, सरळ मधून जायचं होतं. रेल्वे आणि पाऊलवाट एका मापाची नाही, हे खरं. पण त्या मजुराची गरज आणि आमची आवड यांचंही माप एक नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोल गेली. जुन्या पत्रकांवर ज्या गावांची नावं आहेत त्यांतली कितीतरी आता जागेवर नाहीत. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं उठवून खाली मैदानात वसवली, मग इतर उठली. वैराटच्या माथ्याजवळही गाव होतं, वैराट याच नावाचं. तेही हललं. शेतं होती तिथे आता गवत वाढतं आणि त्या गवतावर सांबर, गवे चरतात. जंगलासाठी हे चांगलं झालं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण ज्यांना उठवलं त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं. खालची जमीन, खालचं पाणी, खालचा दवाखाना यांबद्दल नाराज होऊन काही कुटुंबं परत जंगलात गेली, आणि २०१९ च्या जानेवारीत त्यावरून वनकर्मचारी आणि गावकरी यांच्यात संघर्षही झाला. ज्या तुटक रेघा मला जोडायच्या होत्या त्या या लोकांच्या पायांनी पडलेल्या वाटा होत्या. बाजाराला, लग्नाला, फगव्याला, मोह वेचायला जाण्याच्या. त्यांना सांगितलं गेलं की वाघाला जागा हवी, तुम्ही खाली चला. ते गेले. आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या गावात आम्ही तंबू ठोकायला मागत होतो. कोणत्या तोंडानं?

हा प्रश्न मला त्या मचाणावरच्या वनमजुरांनी विचारला नाही, कोणीच विचारला नाही. पण तो एकदा मनात आला आणि पुढच्या बैठकीत मला बोलता येईना.

माझ्या जुन्या सोबत्यांचे आक्षेप मला माहीत आहेत, कारण काल-परवापर्यंत ते माझेच होते. जिप्सीनं जाणाऱ्याला आत सोडता आणि पायी जाणाऱ्याला अडवता, हा पहिला. यात तथ्य आहे. पैसे देणारा गाडीत बसून जंगल बघतो आणि चालणारा फाटकाबाहेर राहतो, ही चांगली स्थिती नाही. माझं म्हणणं, गाड्या कमी करा. त्यांच्या बरोबरीनं पावलं आत घाला, हे त्याचं उत्तर नव्हे.

चालल्याशिवाय जंगलाबद्दल प्रेम कसं निर्माण होईल, हा दुसरा. यावर मी फार विचार केला. माझं प्रेम चालूनच निर्माण झालं, ते मी नाकारत नाही. पण चालायला जागा आहे. गाविलगड दिवसभर हिंडण्याइतका मोठा आहे. शार्दूल दरवाजा, दिल्ली दरवाजा, तलाव, तुटलेले बुरूज नीट पाहायला एक दिवस पुरत नाही. धामणगाव गढीहून चिखलदऱ्याकडे, मोथ्याच्या बाजूनं, चढत गेलं की स्टीव्हन्सनच्या तोफांना काय पडलं असेल याचा अंदाज पोटऱ्यांना येतो. आणि प्रेमासाठी सगळं बघावंच लागतं असं नाही. रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला दिसला नव्हता, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ याच सातपुड्यात सापडला, पुढे मेळघाटातही. माझे पक्षीमित्र त्याच्या ढोलीची जागा कधीच कोणाला सांगत नाहीत. मला ती शिस्त पहिल्यापासून योग्य वाटत आली आहे. घुबडाच्या ढोलीला जे लागू, ते डोहाला का नाही? कॅलिफोर्नियातल्या बाई मला हेच सांगत होत्या.

तिसरा आक्षेप धारगडचा. श्रावणात धारगडच्या महादेवाला अकोटकडून हजारो माणसं जातात. पोपटखेड, खटकालीवरून, जंगलातून, कित्येक जण पायी. त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही? एके काळी हा माझा सर्वांत धारदार मुद्दा होता. आता मला दिसतं ते असं: त्यांना एक तिथी आहे. श्रावणात पाणी सगळीकडे असतं. दर्शन झालं की लोक उतरतात आणि वर्षभर पुन्हा नाव काढत नाहीत. आमच्या वाटेला तिथी नव्हती. तरी त्या गर्दीनंतर मागे राहणारा प्लास्टिकचा कचरा बघून जीव तुटतो, आणि ही यात्रा अशीच चालावी की तिच्यावरही मर्यादा याव्यात, यावर माझं मत अजून बनलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे. माझ्यासारख्यानं घाईनं बोलू नये.

मी वनखात्याला दिलेली मागणी लेखी मागे घेतली आहे. आखलेल्या वाटेच्या प्रती ज्यांच्याकडे होत्या त्यांना त्या पुढे देऊ नका अशी विनंती केली. बहुतेकांनी मानली. माझा सर्वांत जुना सोबती मात्र मानत नाही. अंजनगावचा आहे, चालण्यात माझ्यापेक्षा काकणभर सरसच. त्यानं पाणी पाठीवर नेण्याची अट घालून, मुक्काम डोहांपासून दूर धरून, नव्यानं निवेदन लिहायला घेतलं आहे. मसुदा मला वाचायला दिला. चांगला लिहिला आहे, पाण्याची अडचण त्यात बरीचशी सुटते. मी त्याला म्हटलं, आधी वैराटच्या उठलेल्या लोकांना जाऊन विचार, ते हो म्हणाले तर माझ्याकडे ये. तो म्हणाला, "मग तूही चाल ना माह्यासंगं, दोघं मिळून विचारू." सही मी केलेली नाही. पण दिवाळीनंतर त्या वस्तीवर आम्ही दोघं जाणार आहोत.